विहारतळ्याच्या राज्यातील चिलापीची हकीकत

॥ श्री ॥ ज्याने अवतारांचे कामी पहिली पाळी माशास दिधली आणि मनुष्यास पुष्कळ मागे उभे केले, त्यास नमस्कार. पाणी साक्ष, काठ साक्ष. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी विहारतळ्याचे राज्यात जे वर्तमान जाहले ते पाहिले तैसे व ऐकिले तैसे लिहिले आहे. वाढवून लिहिले नाही, कारण मुळातच पुष्कळ होते.

राज्याची चतुःसीमा ऐसी की, पूर्वेस दगडी घाट, जेथे नगरातील लोक दहाव्याची क्रिया करितात. पश्चिमेस सकाळी चालणारांची वाट. दक्षिणेस इडलीची गाडी. उत्तरेस बाभळीचे रान आणि त्यात नगरपालिकेची एक फुटकी होडी, जी आरमार म्हणून गणिली जाते. राज्य लहान, या काठावर कोणी शिंकला तर त्या काठावरचा ‘सत्य आहे’ म्हणे. राज्यास राजा नाही. गळकरी मंडळ म्हणून दरबार होता, तो रविवारी घाटाच्या पायऱ्यांवर भरे, आणि त्यात निवृत्त कारकून, शाळामास्तर, दुकानदार व काही रिकामे गृहस्थ ऐसे मानकरी होते. मंडळाचा कायदा एकच: धरावे आणि सोडावे. मासा गळास लागला की ओल्या हाताने त्यास धरावे, फितीने मोजावे, छबी काढावी, आणि नमस्कार करून पुन्हा पाण्यात सोडावे. जो खाईल त्यास पायरीवर जागा नाही. पुराणिक गुरुजी, ज्यांच्या हातून नगरातील निम्मे लोक परलोकी मार्गस्थ जाहले, तेही मंडळात होते. मासे धरीत, खात नसत. आणि कोणी दोष काढिला तर म्हणत, ‘‘अहो, पाहुण्याला दारात भेटतो नि दारातूनच निरोप देतो. घरात कुठं घेतो?’’ आणि दरबारचे थोर सरदार उत्तमराव जाचक, ज्यांचे बाजारपेठेत शेतीपंपांचे दुकान आहे आणि ज्यांच्याजवळ गळाचा दोर गुंडाळण्याचे विलायती रीळ आहे, त्यांचा शब्द मंडळात कोणी खाली पडू देत नसे.

तळ्यात रोहू, कटला, मृगळ ऐसी तीन घराणी होती. ही घराणी साचल्या पाण्यात वंश वाढवीत नाहीत; सरकारातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, आणून सोडिली तर तितकीच राहतात, आणि खाऊनपिऊन मोठी होतात. त्यांत थोरली म्हणून एक कटला होती. डोके घागरीसारखे, ओठास उजवीकडे जुनी चीर. मंडळातील प्रत्येकाने तिजला एकदा तरी धरिले होते आणि सोडिले होते, आणि शेवटी शेवटी ती गळ लागताच फार ओढाताण न करिता वर येई, छबी काढू देई आणि आपल्या वाटेने जाई. उत्तमरावांच्या दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी थोरलीची तसबीर होती, आणि दोहोंस मिळून एकच हार होता.

आता दरबारचे कारभारी रमाकांतराव टिपणीस यांची हकीकत. हे न्यायालयात शिरस्तेदार होते, तेथून निवृत्त जाहले, आणि मग उरलेले आयुष्य तळ्याच्या काठी लोकांच्या चुका काढण्यात घातले. मंडळी त्यांस दादा म्हणत. स्वभाव तापट, चाल ताठ, बसावयास घडीचे लोखंडी स्टूल. त्यावर दुसरा कोणी बसला तर ते काही बोलत नसत, फक्त समोर उभे राहात, आणि बसलेला उठे. पत्नी पूर्वीच निवर्तली होती. एक कन्या, मृणाल नावाची, ती दुसऱ्या शहरी महाविद्यालयात शिकवीत असे.

राज्यावर जे अरिष्ट आले त्याचे मूळ याच रमाकांतरावांनी आणिले, हेही लिहिणे प्राप्त आहे. तारुण्यात ते काठी बसत तेव्हा नगरातील मुलेही गळ घेऊन येत, आणि रोहू-कटला काही मुलांच्या गळास लागत नसत, आणि मुले रडत घरी जात. त्या रडणाऱ्यांत त्यांची कन्या मुख्य होती. मग एके रविवारी रमाकांतराव सायकलवरून धरणावर गेले आणि रंगाच्या रिकाम्या बादलीतून चिलापी घेऊन आले आणि तळ्यात सोडिली. चिलापी हा मासा कशावरही तोंड टाकितो, गांडुळावर, कणकेवर, नुसत्या दोऱ्यावरही. त्या उन्हाळ्यात नगरातील एकही मूल रडत गेले नाही. मंडळाने रमाकांतरावांस हार घातला.

परंतु चिलापी प्रजेविषयी फार दक्ष. अंडी तोंडात घेऊन बसते, पिल्ले तोंडातच वागविते, बाहेर सोडिल्यावरही भय दिसले की पुन्हा तोंडात घेते, आणि ती मोठी जाहली न जाहली तोच पुढील अंडी. ऐसी आई असता मरणार कोण? काही वर्षांत तळ्यात चिलापीवाचून दुसरे हलेना. आणि अन्न तितकेच, पाणी तितकेच, म्हणून चिलापीही वाढेना. वयाने आजी आणि अंगाने करंगळी ऐसी प्रजा जाहली. वर मंडळाचा कायदा, की धरिले ते सोडिले. वर सकाळी चालणारे पुण्यवान लोक, जे पाव, पोहे, शिळी पोळी, श्रावणात साबुदाणा ऐसे पाण्यात टाकीत, त्यातील निम्मे अन्न मासे खात, निम्मे तळाशी कुजे, आणि पाणी हिरवे होई. हे सर्व रमाकांतरावांनी पाहिले, आणि एके रविवारी पायरीवर उभे राहून बोलिले, ‘‘मंडळी, कायदा बदला. लहान तव्यात, मोठा तळ्यात. चिलापी लागली की घरी न्या, तळा, खा. रोहू-कटला सोडा.’’

दरबारात एकच गलका जाहला. उत्तमराव म्हणाले, ‘‘दादा, आपण खेळाडू माणसं. खाटीक नाही.’’ रमाकांतराव म्हणाले, ‘‘खाटीक बरा. तो एकदाच मारतो. तुम्ही रोज थोडं थोडं मारताय, पाव घालून.’’ उत्तमराव म्हणाले, ‘‘पण आणली कुणी चिलापी? बादलीतून? हार कुणी घालून घेतला?’’ तेव्हा सर्व हासले. रमाकांतराव हासले नाहीत. म्हणाले, ‘‘मीच आणली. म्हणून तर मी सांगतोय. दुसऱ्यानं आणली असती तर तुमच्यासारखाच मीही पायरीवर बसून हसलो असतो.’’ गुरुजी मध्ये पडले, म्हणाले, ‘‘दादा, जाऊ द्या हो. मुक्या जिवाचं आपण काय वाईट केलंय?’’ रमाकांतराव म्हणाले, ‘‘गुरुजी, एका खोलीत चाळीस माणसं कोंडा, खिडकी लावा, आणि वरून लाडू टाका. मग विचारा त्यांना काय वाईट झालं.’’ ठराव मतास टाकिला. बाजूने एक मत पडले, ते त्यांचेच.

मग रमाकांतरावांनी एकट्याने मोहीम मांडिली. रोज सकाळी स्टूल घेऊन जात, कणकेच्या बारीक गोळ्या लावीत, बादली भरेतो चिलापी काढीत, आणि वाटेत मासळीबाजारात गजराबाईंस देत. गजराबाई पिढीजात जाळेवाल्या; त्या बादलीत डोकावून म्हणत, ‘‘टिपणीससाहेब, हे मासे का खिळे? गिऱ्हाइकाला देऊ का सुताराला?’’ आणि तरी ठेवून घेत, आणि गल्लीतील ज्या घरी चूल पेटवण्यास निमित्त हवे असे तेथे पोहोचवीत. मूठभर रमाकांतराव घरी नेत, मीठ, हळद व कोकमाचे आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळून स्वहस्ते तळीत, आणि काटे वेचीत जेवीत. दरबार त्यांस दुरून पाही आणि म्हणे की म्हाताऱ्याचे डोके चिलापीने खाल्ले. परंतु ती बादली रोज निघत होती तोवर राज्य तगले. हे तेव्हा कोणास कळले नाही.

मग माघ मासी रमाकांतराव अंथरुणास लागले. कन्या मृणाल रजा घेऊन आली आणि राहिली. बादली न्हाणीघरात पालथी पडली. वैद्य-डॉक्टर जाहले, औषधे जाहली, आणि रमाकांतराव रोज सकाळी कन्येस तळ्यावर पाठवीत, आणि ती परत आली की विचारीत, ‘‘रंग काय?’’ ती म्हणे, ‘‘हिरवा.’’ ते म्हणत, ‘‘हिरवा म्हणजे? पोपटी का शेवाळी?’’ पहिल्या दिवशी ती म्हणाली, ‘‘बाबा, हिरवा म्हणजे हिरवा,’’ तेव्हा त्यांनी तोंड फिरविले आणि औषध घेतले नाही. मग ती नीट पाहू लागली. फाल्गुनात म्हणाली, ‘‘पोपटी.’’ चैत्रात म्हणाली, ‘‘शेवाळी. आणि हात घातला तर मनगट दिसत नाही.’’ तेव्हा ते म्हणाले, ‘‘आता उजाडायच्या आत जा. सूर्य वर यायच्या आधी तोंडं वर काढून उभे राहतात का बघ. गप्पा मारत असल्यासारखे दिसतात. गप्पा नसतात त्या. पाण्यात हवा संपलेली असते. त्यात आधी मरतात ते मोठे.’’ ती गेली, तिने पाहिले, तोंडे वर होती, आणि तिने येऊन तैसे सांगितले. रमाकांतरावांनी दरबारास निरोप धाडिला की चारणे बंद करा, जाळे टाका. उत्तमराव भेटीस आले, शहाळे घेऊन आले, उशाशी बसले आणि म्हणाले, ‘‘दादा, तुम्ही आता आराम करा. तळं आम्ही बघतो.’’ रमाकांतराव म्हणाले, ‘‘तेच तर भय आहे.’’

वैशाखात, आकाश झाकळले असता, रमाकांतराव कैलासवासी जाहले. अखेरचे शब्द कन्येस बोलिले ते ऐसे: ‘‘त्यांना सांग. चारणं थांबवा, खायला लागा.’’ कन्येने तैसे सांगितले. मंडळी म्हणाली, शेवटी शेवटी माणूस काहीबाही बोलतो.

येथून पुढे दरबाराने जो शोक केला तो राज्यात पूर्वी जाहला नव्हता. ठराव जाहला की दहाव्यापर्यंत कोणी गळ पाण्यात घालू नये. लोखंडी स्टुलास हार घालून ते पायरीवर मांडिले आणि समोर उदबत्ती लाविली. दादांनी उभे आयुष्य माशांस वाहिले, म्हणून माशांस दादांच्या नावे भोजन घालावे ऐसे कोणी सुचविले, आणि सर्वांस ते फार गोड वाटले, आणि मग परातीच्या पराती कणकेचे गोळे, पावाच्या लाद्या, चुरमुऱ्यांची पोती तळ्यात रिकामी होऊ लागली. चालणाऱ्यांनी आपली वाट सोडून हातभार लाविला. इडलीवाल्याने उरलेल्या इडल्या श्रद्धेने टाकिल्या. आणि उत्तमरावांनी, ज्यांस खरेच दुःख जाहले होते, पदरच्या खर्चाने बोटुकल्यांची टाकीच्या टाकी मागविली आणि डोळे पुशीत दादांच्या नावे पाण्यात सोडिली. मृणाल काठी उभी होती. म्हणाली, ‘‘काका, हे करू नका. बाबांना हे नको होतं.’’ उत्तमरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेविला आणि म्हणाले, ‘‘ताई, दुःखात असं वाटतं. तू घरी जा, चहा घे.’’ तिने नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांस भेटून सांगितले. ते म्हणाले, मंडळाच्या भावनेचा प्रश्न आहे. इकडे मळभ हटेना, वारा पडला, पान हालेना, पाण्यास उकाडा चढला.

दहाव्याचे दिवशी सकाळी सर्व दरबार घाटावर जमला. पुत्र नाही, म्हणून कन्याच क्रियेस बसली. गुरुजींनी शास्त्रार्थ काढिला नाही, म्हणाले, ‘‘दादांनी मला कोर्टात तीनदा वाचवलंय. कन्या तर कन्या.’’ विधी जाहला, भाताचे पिंड जाहले, ते दर्भावर पायरीस मांडिले, आणि मंडळी मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागली. घाटापाशी पाण्यात लहान चिलाप्या अगणित, तोंडे वर काढून, ओठ हालवीत उभ्या होत्या, जणू बाजारच भरला. हे पाहून मंडळीस गहिवर आला. एक मास्तर म्हणाले, ‘‘दादांच्या दर्शनाला आल्यात हो.’’ दुसरे म्हणाले, ‘‘मुकी जनावरं, पण कळतं त्यांना.’’ आणि कोणी पिशवीतून पाव काढिला आणि कुस्करून त्यांस घातला.

कावळा येईना. झाडावर नाही, तारेवर नाही, घाटाच्या माथ्यावर नाही. एरवी या घाटावर कावळे इतके माजलेले की पिंड मांडू देत नसत. गुरुजी म्हणाले, ‘‘इच्छा राहिली असेल काही. बोला कुणीतरी.’’ मग एकेकाने पुढे होऊन हात जोडून वचने दिली. चालणाऱ्यांचे प्रमुख म्हणाले, ‘‘दादा, रोज पाव घालू, एक दिवस चुकणार नाही.’’ कावळा आला नाही. मास्तर म्हणाले, ‘‘मंडळाला तुमचं नाव देऊ.’’ आला नाही. कोणी पिंडापाशी कपभर चहा ठेविला, कोणी तपकीर ठेविली, कारण दादा ओढीत. उत्तमराव गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, ‘‘दादा, आणखी एक टाकी बोटुकल्या सोडतो. दोन सोडतो. या ना हो.’’ आकाशात काही हालले नाही. तेव्हा बायकांत कुजबुज जाहली की पोरीनेच बापाचे काही अडविले असेल. मृणालने ती ऐकिली. गुरुजी कानाशी लागून म्हणाले, ‘‘ताई, तूच बोल. तुझं ऐकतील.’’ ती म्हणाली, ‘‘माझं बोलून झालंय गुरुजी. कितीदा तरी.’’

इतक्यात उत्तरेकडून, बाभळींच्या रानातून, गजराबाई लुगडे खोचून तरातरा येताना दिसल्या. त्यांनी घाटावर मांडलेले पिंड पाहिले, ताटकळलेली मंडळी पाहिली, आणि म्हणाल्या, ‘‘कुणाची वाट बघताय? कावळ्यांची? ते कशाला येतील इकडं? तिकडं त्यांची पंगत बसलीय. तुमच्या भाताला विचारतंय कोण!’’ उत्तमराव म्हणाले, ‘‘कसली पंगत?’’ गजराबाई म्हणाल्या, ‘‘मोठे मोठे मेलेत की. बाभळीखाली सगळे पांढरे होऊन पडलेत. मी म्हटलं, जाचकशेठला ठाऊक असेल, मालक तेच.’’

मृणालने मान वळवून घाटापाशी तोंडे वर काढून उभ्या असलेल्या चिलाप्यांकडे पाहिले. वर ढगाआड सूर्य केव्हाच चढला होता, आणि तोंडे अद्याप वर होती. मग ती पिंडापुढून उठली. क्रिया अर्धी टाकून उठणे शास्त्रात बसत नाही, ऐसे गुरुजी बोलणार होते, बोलले नाहीत. सर्व दरबार तिच्यामागून बाभळींकडे गेला. तेथे उथळ पाण्यात रोहू, मृगळ, कटला, वर्षानुवर्षे धरिलेले आणि सोडिलेले, छब्यांतून सर्वांच्या ओळखीचे, पोटे वर करून पडले होते, आणि नगरातील यच्चयावत कावळे त्यांवर बसले होते. मोजदाद करण्याचे कोणास सुचले नाही. होडीच्या सावलीस थोरली होती. ओठाची चीर तीच. उत्तमराव बुटांसह पाण्यात गेले, कावळे उडविले, आणि तिजला दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर आले. कोणी छबी काढिली नाही. गजराबाईंनी पुढे होऊन तिचे पोट दाबून पाहिले आणि आवाज उतरवून म्हणाल्या, ‘‘उपाशी होती हो ही. बघा, डोकंच तेवढं मोठं. अंगावर काही नाही.’’ उत्तमराव म्हणाले, ‘‘मी रोज पाव घालत होतो.’’ गजराबाई म्हणाल्या, ‘‘तिला मिळत होता का?’’

मग उत्तमराव कन्येकडे वळले, आणि जैसा सरदार कारभाऱ्याकडे पाहतो तैसे पाहून म्हणाले, ‘‘ताई, दादा काय म्हणाले होते?’’ ती म्हणाली, ‘‘पाण्यात हवा घाला. चारणं थांबवा. आणि जाळं टाका, आत्ता.’’ मग राज्यात जी धावपळ जाहली ती वर्णावी तितकी थोडी. उत्तमरावांनी थोरलीस आपल्या उपरण्यात गुंडाळून बाभळीखाली ठेविले आणि दुकान उघडून पंपांमागून पंप आणविले. ते काठी मांडिले, तळ्याचेच पाणी उपसून उंच उडवून पुन्हा तळ्यात पाडिले, जेणेकरून पडता पडता त्यास वारा लागेल. ज्याने पाव आणिला होता त्याच्या हातून पिशवी काढून घेतली. मास्तरांनी खड्डा खणिला आणि मेलेले मासे वेचून त्यात घातले, की कुजून उरलेले पाणी नासू नये. गजराबाईंनी जाळे सोडिले. त्याचे एक टोक त्यांच्या हाती, दुसऱ्या टोकास माणूस मिळेना, कारण मंडळातील एकासही जाळे धरिता येत नव्हते, सर्व गळाचे खेळाडू. मृणाल क्रियेच्या ओल्या वस्त्रांनिशी कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि तिने दुसरे टोक धरिले. गजराबाई म्हणाल्या, ‘‘अगं, खालची दोरी पायाखाली दाब! अशी नाही. बापानं काही शिकवलं का नाही?’’ ती म्हणाली, ‘‘गळ शिकवला होता.’’ ‘‘मग विसर तो.’’

पहिले जाळे ओढिले तेव्हा चिलापी इतकी निघाली की जाळे काठास येईना, आणि उत्तमराव विलायती रिळाच्या हाताने दोरास लागले, आणि गुरुजी, ज्यांनी पाहुण्यास कधी घरात घेतले नव्हते, घाटावरूनच ओरडू लागले की बादल्या कमी पडतात, घागरी आणा. त्यांस घाट सोडिता येईना, कारण पिंड तेथेच होते आणि कोणी राखणे प्राप्त होते. ते दर्भ हाती घेऊन कावळ्याची आकृती वळीत बसले होते, कारण कावळा न येईल तर तैसे करावे ऐसा मार्ग आहे. इकडे बाभळीखालचा खड्डा बुजला. कावळ्यांची पंगत उठली. ते काही काळ मातीवर इकडून तिकडे फिरले, मग बाभळींवर बसले, मग एकेक करून तळे ओलांडून पूर्वेस आले. आणि त्यातील एक, फार मोठा नव्हे, पायरीवर उतरला, चहाच्या कपात डोकावला, तपकिरीस लागला नाही, आणि पिंडास शिवला.

गुरुजींच्या हातून दर्भ गळाला. ते उभे राहून मोठ्याने बोलिले, ‘‘शिवला! ताई, शिवला! बघ, शिवला!’’ सर्व मंडळीने हात थांबवून घाटाकडे पाहिले. मृणाल पाण्यात पाठमोरी होती, दोर पायाखाली दाबलेला, जाळे निम्मे वर आलेले. मान वळविली असती तर जाळे सुटते. तिने मान वळविली नाही. म्हणाली, ‘‘काका, तिकडचं टोक धरा घट्ट.’’ आणि उत्तमरावांनी धरिले.

कावळा का शिवला याविषयी राज्यात दोन मते आहेत. दरबार म्हणतो, दादांची इच्छा पुरी जाहली. गजराबाई म्हणतात, त्याला भूक लागली. हकीकत लिहिणाराने दोन्ही बाजू ऐकिल्या. त्यात फार अंतर दिसले नाही.

सुतक फिटल्यावर टिपणीसांच्या घरी मंडळीस पान मांडिले. आगळ, हळद, तांदळाचे पीठ, तवा तोच. उत्तमराव पहिल्या पंगतीस बसले. जन्मात त्यांनी या तळ्यातील मासा खाल्ला नव्हता. एक चिलापी उचलिली, पुष्कळ वेळ पाहिली, मग खाल्ली, मग बोटाने काटा काढिला, मग दुसरा, मग तिसरा. म्हणाले, ‘‘काटे फार आहेत गं, ताई.’’ ती वाढीत होती. म्हणाली, ‘‘असतातच. सावकाश खा.’’ गुरुजींनी ताकभात घेतला, आणि स्वेच्छेने मासे पिठात घोळून दिले.

तदनंतर ठराव फिरला आणि कायदा जाहला, लहान तव्यात, मोठा तळ्यात. नगरपालिकेने घाटावर फलक लाविला, ‘माशांस खाऊ घालू नये’, आणि त्याखाली सकाळी चालणारे आजही पाव घालितात, परंतु इकडे तिकडे पाहून. थोरलीची तसबीर दुकानात आहे. तिजला आता निराळा हार आहे. सोडिलेल्या बोटुकल्यांतील नवी कटला वितीएवढी जाहली. स्टुलावर प्रथम कोण बसेल याचा निर्णय कित्येक रविवार होईना. मग मृणाल सुट्टीस आली असता त्यावर बसली, कणकेच्या गोळ्या वळल्या, आणि बादली भरेतो उठली नाही.

येणेप्रमाणे हकीकत. सारांश इतकाच की, एकाने आपले मूल रडू नये म्हणून एक बादली पाण्यात रिकामी केली. ती आता समूळ निघणार नाही, जाळ्याने नाही, गळाने नाही. रोज थोडे काढावे, म्हणजे उरलेल्यास श्वास पुरतो. कळावे.